तिसरं नाव

आमच्या विभागातून जर्नलला शोधनिबंध पाठवायचा तर गुरुवारीच, आणि नारळ फोडून. हसू नका. पाठवणारे सगळे विज्ञानातले एमएस्सी, पीएचडी. टेबलावर लाल कापड अंथरून त्यावर लॅपटॉप मांडायचा, हळदकुंकू वाहायचं, बाहेर पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर नारळ फोडायचा आणि मग विभागप्रमुखांनी, म्हणजे आमच्या सरांनी, ‘सबमिट’चं बटण दाबायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पूर्वी कुणीतरी सरांना न विचारता घरूनच पाठवला होता आणि तो नाकारला गेला, तेव्हापासून सरांच्या हाताला गुण आला. सरांनी पाठवलेलेही कितीतरी परत यायचे, पण त्यांची आठवण काढायची पद्धत नव्हती.

मी त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते. म्हणजे दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत, नवी नेमणूक, आणि नेमणुकीवर शिफारस सरांची. कॉलेज बंद झालं की आपणही बंद. कायमची एक जागा निघणार असं बरीच वर्षं ऐकत होते आणि त्या वर्षी ती खरंच निघणार होती. मुलाखतीला जाताना हातात बऱ्या जर्नलमधला एक निबंध हवा, आणि त्यावर पहिलं नाव आपलं हवं. काम पहिल्या नावाच्या माणसाने केलं असं सगळे धरून चालतात. बाकीची नावं वरातीतल्या पाहुण्यांसारखी, कुणाकडून आले ते कुणी विचारत नाही.

विषय मी घरातूनच उचलला होता. आमचं गाव सोनईजवळ. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कांद्याची चाळ आहे. उन्हाळ्यात काढलेला गावरान कांदा भाव येईपर्यंत तिच्यात ठेवायचा. दोन्ही बाजूंनी वारा खेळावा म्हणून भिंतींना फटी. तरी पावसाळ्यात कांद्यावर काळी बुरशी धरते, तिला आमच्याकडे काजळी म्हणतात. काजळी तळाच्या ओलीने धरते असं पुस्तकात लिहिलंय आणि शेतकरीही तसंच म्हणतात. मी लहानपणापासून कांदा निवडायला बसत आले. काजळीचा कांदा मला नेहमी ढिगाच्या मधून यायचा, ज्या अंगाला वारा लागत नाही त्या अंगाचा. हे कुणीतरी नीट तपासून लिहायला हवं होतं, ते मी लिहिलं, एवढंच.

दोन हंगाम मी चाळीत घातले. आमच्या चाळीचे कांदे, आणि ताडून बघायला तिसगावकडच्या कोरड्या भागातल्या चाळींचे. पिशवीवर थर आणि बाजू लिहायची, बसने कॉलेजात आणायचे, बुरशी बशीत वाढवायची, मायक्रोस्कोपखाली बघायची. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही, इतका वास. अण्णा चाळीच्या दाराशी बसून मजा बघायचे.

“आमचा कांदा सडला तर आमी कपाळाला हात लावतो,” ते म्हणायचे, “अन् तू पिशवी घिऊन नाचती. लई भारी शिक्षान हाय बाबा तुजं.”

“सडू द्या की अण्णा. त्याच्यावरच माझी नोकरी पक्की व्हायचीय.”

“मंग सडव म्हनावं सगळी चाळ,” असं म्हणून ते स्वतःच चांगला खराब कांदा शोधून माझ्या पिशवीत टाकायचे. चुकीच्या थरातला. मी गपचूप बाहेर काढायचे.

लिहिताना नाकी नऊ आले. एक जर्नल म्हणालं, आमच्या कक्षेत बसत नाही. दुसऱ्यासाठी सगळे संदर्भ नव्या पद्धतीने लिहावे लागले, स्वल्पविराम, कंस, तिरपी अक्षरं, सगळं. चित्रं अंधूक आहेत म्हणून पुन्हा काढली. इंग्रजी सुधारलं, पुन्हा सुधारलं. सरांनी मसुदा आठवडाभर ठेवून घेतला आणि परत दिला, तेव्हा त्यात त्यांनी एकच गोष्ट केली होती. कॉलेजच्या पत्त्यात जिल्ह्याचं जुनं नाव राहिलं होतं, तिथे लाल शाईने नवं घातलं होतं. मी म्हटलं, ठीक आहे, वाचलं तरी. पत्ता वाचला होता.

दुसरं नाव सरांचं होतं. ते मी आपणहून घातलं होतं, विभागात तसं घालतातच. पत्रव्यवहारही सरांच्या ईमेलवरून, तोही रिवाज. जर्नलच्या वेबसाइटवर सरांच्या नावाने खातं मीच उघडून दिलं.

गुरुवार आला. सगळा विभाग टेबलाभोवती. सरांची सूनही आली होती. तीही एमएस्सी, आमच्याच विषयातली, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली, आमच्यासारखीच तासिकेवर लागलेली. शांत पोरगी, मला ताई म्हणायची. मला वाटलं, पेढे घेऊन आली असेल. पेढे तिच्याच हातात होते.

नारळ फुटला, चांगला पांढराशुभ्र निघाला, सगळे खूश. मी फाइल्स चढवल्या. शेवटी लेखकांच्या नावांचं पान आलं. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बाळ, इथं एक नाव वाढव.” आणि मोबाईलमधून सुनेचा ईमेल वाचून दाखवायला लागले. त्यांना टाइप करायची सवय नाही ना, म्हणून मी करायचं.

मला वाटलं, शेवटी घालतात. लग्नाच्या पत्रिकेत नसतं का, आपले नम्र म्हणून सगळं घर. मी टाइप केलं. नावाशेजारी एक छोटा बाण असतो, तो दाबला की नाव एक घर वर सरकतं.

“वर घे,” सर म्हणाले.

मी घेतलं. ती सरांच्या वर गेली.

“आणखी वर.”

आता तिच्या वर एकच नाव होतं. खोलीत नारळाचा गोड वास होता, समोर उदबत्ती लावलेली होती, माझ्या तोंडात अर्धा पेढा होता. नारळ फुटल्यावर नाही म्हणायचं नसतं. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना कुणी भांडतं का? सरांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणून तर आदल्या दिवशी बोलले नाहीत. मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. ते हसले, फार प्रेमाने. “तुझं अजून वय आहे, बाळ. तुझे असे कितीतरी निघतील.”

मी बाण दाबला. त्यांनीच पुढे सांगितलं की मोठ्या माणसाचं नाव मध्ये शोभतं, म्हणून सर दुसरे. मी तिसरी.

एवढ्यावर सुटले असते तरी चाललं असतं. पण पुढच्या पानावर प्रत्येक लेखकाने काय काम केलं ते विचारलं होतं. चौकोन होते, त्यात खुणा करायच्या. संकल्पना, प्रयोग, विश्लेषण, लेखन. सर सुनेच्या नावापुढे एकेक वाचत गेले आणि मी खुणा करत गेले. मार्गदर्शन सरांकडे. माझं नाव आलं. वेबसाइट निदान एक तरी खूण केल्याशिवाय पुढे जाऊ देईना.

“तुझं काय टाकावं बरं?” सर खरोखर विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. “साधनसामग्री. कांदे तुझ्याच घरचे ना?”

सगळे हसले. वाईट मनाने नाही, गोड हसले, आणि म्हणूनच मला त्यांच्या एकेकाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. सरांनी हात जोडले, लॅपटॉपला नमस्कार केला, बटण दाबलं. टाळ्या झाल्या. सूनबाईंनी मला दुसरा पेढा दिला. मी खाल्ला.

आठवडा उलटायच्या आत जर्नलचा ईमेल आला, मला, माझ्या पत्त्यावर. तुमचं नाव या निबंधावर लेखक म्हणून आहे, नावांचा क्रम आणि कामाची नोंद मान्य आहे ना? मान्य असेल तर इथे दाबा, नसेल तर तिथे. जगात कुणीतरी मला विचारलं होतं. ‘नाही’ दाबलं असतं तर निबंध तिथेच अडकला असता. जूनमध्ये शिफारशीची सही सरांची, माझ्या हातात ना निबंध ना तासिका. मी स्टाफरूममध्ये बसून त्या दोन शब्दांकडे बघत राहिले. मी ‘मान्य’ दाबलं.

परीक्षकांचे शेरे आले. त्यातल्या एकाने फार बारकाईने वाचलं होतं. वारा कुठून येतो ते चाळीगणिक स्पष्ट करा, आणखी नमुने घ्या, असं त्याने लिहिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. कुणीतरी माझ्या चाळीत शिरून बघितलं होतं. सर म्हणाले, “बाळ, तेवढं तू करून टाक, तिला सध्या बरं नाही.” मी पुन्हा पिशव्या घेऊन गेले. उत्तरात प्रत्येक शेऱ्याखाली लिहिलं, आम्ही परीक्षकांचे आभारी आहोत. आम्ही.

निबंध छापून आला. विभागाच्या ग्रुपवर सूनबाईंचा फोटो, खाली फुलं आणि हात जोडलेले. मीही हात जोडले, न जोडून कसं चालेल.

मग जागा निघाली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. तिचाही अर्ज होता, हे काय सांगायला हवं? “ताई, रागावू नका,” ती म्हणाली. “तेवढं ते वाऱ्याचं एकदा समजावून सांगाल का? मला काहीच कळत नाहीये हो, आणि सरांना विचारायची भीती वाटते.”

मी फोन आपटायला हवा होता. मी काय केलं माहीत आहे? खाटेवर बसून तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ढिगाचा मधला भाग, वारा न लागणारं अंग, तिसगावचा कोरडा कांदा वेगळा का वागतो, सगळं. दया नव्हती ती. मला माझं काम कुणाला तरी सांगायचं होतं, आणि जगात ते ऐकायला बसलेली ती एकटीच होती. शेवटी ती रडायला लागली. मी म्हटलं, रडू नकोस, उद्या डोळे सुजलेले दिसतील.

मुलाखतीला बाहेरून आलेले एक विषयतज्ज्ञ होते, त्यांच्या शेजारी आमचे सर. तज्ज्ञ हुशार होते, चांगलं विचारत होते. माझी फाइल चाळताना म्हणाले, “कांद्याच्या काजळीवर तुमच्याच विभागातल्या मॅडमनी सुरेख काम केलंय. आत्ताच त्यांनी फार छान समजावलं. तुम्ही वाचलंय का ते?”

“वाचलंय सर.”

“अरे, यात तुमचंही नाव आहे की.” त्यांनी चष्मा वर करून शेवटचं पान बघितलं. “साधनसामग्री. म्हणजे नेमकं काय केलं तुम्ही?”

मी सरांकडे बघितलं. सर माझ्याकडे बघून मायेने हसत होते. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, दोन हंगाम, बसचा वास, तो छोटा बाण. आणि त्यामागून जून आला. सरांची सही.

“कांदे आमच्या चाळीतले होते,” मी म्हटलं.

तज्ज्ञ हसले. सरही हसले आणि त्यांना म्हणाले, “हिचे वडील फार चांगला माणूस.”

संध्याकाळी घरी आले तर अण्णा चाळीपुढे कांदा निवडत बसले होते. मला पाहून त्यांनी शेजारचं पोतं माझ्यासाठी सरकवलं.

“काय इचारलं मंग?”

“कांद्याचंच विचारलं.”

“मंग सांगितलं न्हाई का, आपल्या चाळीतला हाय म्हनून?”

“सांगितलं.”

“मंग काय म्हनले?”

“हसले.”

अण्णांनी हातातला कांदा झटकला, चांगल्या ढिगावर टाकला आणि समाधानाने मान हलवली. “हसले म्हंजी झालं काम,” ते म्हणाले. मी खाली बसले आणि निवडायला लागले.