तळ्याकडे पाठ

मुलाने विमानाची तिकिटं पाठवली तेव्हाच मला शंका आली. मुंबईत हॉटेलात भांडी घासण्यापासून सुरुवात करून तो मिलानच्या किचनपर्यंत पोचला. पण पोलादपूरहून घाट चढला की महाबळेश्वर, तेही त्याने आईबापाला कधी दाखवलं नाही. आणि आता एकदम इटली? तिथली मोठमोठी तळी? छे! पाणी कुठेतरी मुरत होतं.

त्यात मायलेकांची कुजबुज. पुढे दोघं बोलत चालणार आणि मी जवळ गेलो की गप्प. मिलानहून निघताना गाडीत डोळे मिटून पडलो होतो, तेव्हा हिचं बोलणं कानावर आलं. "नाते गावात रस्त्यालगत जागा हाय ती. सपाट. पण ह्यांना कोण सांगणार?"

बस्स, कळलं. आमचं घर वर वाडीत, डोंगराला टेकून. जोत्याचा दगडन् दगड मी निवडलेला, मागे माझ्या हातची काजूची झाडं. ते सोडायला लावायचं आणि त्यासाठी आधी मला हे गोडधोड खाऊ घालायचं, असा बेत होता तर. मनात म्हटलं, फिरवा लेको किती फिरवायचं ते, मी काय हलत नाय.

गार्डा नावाच्या तळ्यावर पोचलो. तळं कसलं, समुद्रच म्हणायचा. दोन्ही अंगांनी कडे सरळ पाण्यात उतरलेले आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव. हॉटेलात मागची खोली मिळाली. खिडकीसमोर डोंगर, छान शांत. तर बाईसाहेब अडून बसल्या, "मला पाण्याकडची पायजे." जन्मात हॉटेलची पायरी न चढलेली बाई! लेकाने पढवून ठेवलंय, दुसरं काय. खोली बदलून मिळाली आणि मी जेवणभर कुणाशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी बोटीतून फिरलो. सगळे पाण्याचे फोटो काढतायत आणि ही उलटी बसून कड्याकडे टक लावून. मग तारेवरच्या फिरत्या पाळण्यातून डोंगरमाथ्यावर गेलो. तिथे माणसं पाठीला छत्र्या बांधून खाली उड्या मारत होती. पोट भरलेलं असलं की असले उद्योग सुचतात. आजूबाजूचे लोक तळं बघून आ वासत होते, आणि हिची नजर मात्र उतारावरच्या घरांवर. खाली जेवायला बसलो तेव्हाही हिने खुर्ची फिरवून घेतली. हिचं काय चाललंय ते कळेना, पण काहीतरी चाललंय एवढं नक्की होतं.

शेवटी मुलाने कड्याच्या अंगाने पाण्यावर काढलेल्या वाटेवर नेलं. चालणारे, सायकलवाले, मजेत चाललेले. वरच्या खडकाला लोखंडी जाळी मारलेली होती. ही तिथेच थांबली.

"ही कशाला रे?"

"दगड सुटले तर अडकायला. आणि धोका वाटला की रस्ता बंद करतात, लोकांना हलवतात."

"आणि लोकं हलतात?"

"हलतात की, आई."

मग तिने माझ्याकडे बघितलं. माझं डोकंच सटकलं. पुढच्या बाकावर मी तळ्याकडे तोंड करून बसलो, ही उलटी कड्याकडे, आणि मी तोंड सोडलं.

"मला इथं कशाला आणलंय ते कळतंय मला. घर सोडायचं ना? नाटकं नकोत! आणि तू गो, आल्यापासनं तळ्याकडं पाठ करून बसलीयस. जगातनं लोकं येतात हे बघाया. बघ की जरा!"

ती चिडली नाही. कड्यावरची नजरही काढली नाही.

"तुमी बघा वो तळं. कुणीतरी डोंगराकडं बघाया नको?"

"इथं कशाला?"

"सवय लागलीय. तळीये गाव दरडीखाली गेलं तवापासनं. पाऊस लागला की तुमी झोपता, मी मागल्या दारात खुर्ची टाकून बसते. दोघांनी झोपून कसं चालंल?"

ती खुर्ची मला माहीत होती. पावसाळ्यात ती मागल्या दारात जायची, दिवाळीच्या आत परत ओटीवर यायची. चहाला वेगळी चव लागली तरी दूधवाल्यावर संशय घेणारा मी, पण त्या खुर्चीचा मला कधी संशय आला नव्हता. मुलगा खाली मान घालून उभा होता.

"नात्याची ती जागा," मी त्याला विचारलं, "नेमकी कुठं रे?"

त्याने आधी आईकडे बघितलं, मग सांगितलं. मी नीट ऐकून घेतलं. मग उठलो आणि हिच्या शेजारी, कड्याकडे तोंड करून बसलो.

"वळ गो तिकडं. मी हाय हितं."

ती अवघडत वळली.

"केवढं पाणी हाय वो," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, मान न वळवता, "बघताय ना?"

"बघतोय."