ठोके एकशे चाळीस

प्रसूतिगृहात त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. हुद्दा साध्या नर्सचाच, पण एकाच खोलीत बावीस वर्षं बाळंतपणं करून त्यांचा शब्द असा झाला होता, की नवी डॉक्टरीणसुद्धा अडलं की आधी बाईंच्या तोंडाकडे बघायची. पोटावर लाकडी नळी टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. उशीखाली घड्याळ ठेवावं तशी बाळाच्या ठोक्यांची टिकटिक यायची. मिनिटभर मोजून बाई म्हणायच्या, "मजेत आहे हो स्वारी," आणि खाटेवरच्या पोरीच्या कपाळावरची आठी जायची.

लेकीच्या जन्मानंतर त्यांना उजव्या कानात कापूस कोंबल्यासारखं वाटू लागलं. सर्दी असेल म्हणून बाईंनी कानाडोळा केला. काही वर्षांनी नळी गुपचूप डाव्या कानाला लागू लागली. मग डावाही उतरणीला लागला.

त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांची आई चाळिशीत ठार बहिरी झाली होती. घरातले तिला जेवायला उठवायचे ते पाठीत बोट खुपसून, आणि तिच्यासमोरच तिच्याबद्दल वाट्टेल ते बोलून खिदळायचे. तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या असलेल्या बाईही त्या खिदळण्यात होत्या. आपल्यालाही तेच झालंय, हे तोंडावर आणायची त्यांची छाती नव्हती.

गंमत म्हणजे गलक्यात बाईंना बरं ऐकू यायचं. गच्चीवरचा पंप सुरू झाला की लोक ओरडून बोलत आणि बाई फटाफट उत्तरं देत. "पंप बंद केला की आमच्या बाई बंद पडतात!" आया म्हणायची, आणि सगळ्यांच्या आधी बाईच हसायच्या. स्वतःचा आवाज मात्र त्यांना डोक्यात घुमल्यासारखा वाटे, म्हणून त्या अगदी हळू बोलत. बहिरं माणूस ओरडून बोलतं, हा लोकांचा समज त्यांच्या पथ्यावरच पडला. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे ठोक्यांचा आकडा दाखवणारं यंत्र आलं, नळी कपाटात गेली आणि बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

ते यंत्र बिघडून दुरुस्तीला गेलं, त्याच आठवड्यात बसड्रायव्हरची बायको आली. पहिलटकरीण, घाबरलेली, बाईंचं मनगट सोडायला तयार नाही. सकाळी अकराला बाईंनी नळी टेकवली. काहीच नाही. जागा बदलली, जरा दाबून धरली, श्वास रोखला. कानात नुसती घूं घूं. डॉक्टरीण पलीकडच्या खोलीत एका अडलेल्या बाळंतिणीत गुंतली होती. हाक मारली असती तर आली असती.

"बाई, नीट आहे ना हो?" त्या पोरीचे ओठ हलले.

मला ऐकू येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. बाईंनी तोंड उघडलं आणि बावीस वर्षांच्या सवयीनं भलतंच बाहेर पडलं. "मजेत आहे हो."

तक्त्यावर त्यांनी लिहिलं, एकशे चाळीस. अर्ध्या तासानं पुन्हा एकशे चाळीस. त्यापुढच्या खेपेला, सगळे आकडे सारखे दिसायला नकोत म्हणून, एकशे छत्तीस.

दीड वाजता डॉक्टरीण आली आणि तिनं सहज नळी लावली. तिनं झटकन मान वर केली. "बाई, हे ऐंशीसुद्धा नाहीत!"

मग धावपळ. पोट उघडून बाळ बाहेर काढलं तेव्हा बाई भिंतीशी हातांवर कापड पसरून उभ्या होत्या. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. ओठ दिसत नव्हते, नुसते डोळे दिसत होते, आणि डोळ्यांवरून त्यांना काही वाचता येईना. बाळाचे पाय हलले की कुणी हलवले? खोलीत रडण्याचा आवाज आहे की नाही? शेवटी त्यांनी आयाचा दंड धरला. "रडलं का गं?"

आयानं मास्क खाली ओढला. "नाही हो, बाई."

पाऊण तास झटून डॉक्टरणीनं हात थांबवले. मुलगा होता.

संध्याकाळी डॉक्टरीण तक्ता घेऊन बसली. "मला समजत नाहीये, बाई. एक वाजेपर्यंत सगळं ठीक दिसतंय इथे."

"ते आकडे मनाचे आहेत," बाई म्हणाल्या.

"काय?"

"मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. नळीतून तर काहीच नाही."

 डॉक्टरणीनं तक्ता उलटा ठेवला आणि ती खोलीबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः त्या पोरीच्या खाटेशी गेल्या आणि काहीही हातचं न राखता सगळं सांगितलं. ड्रायव्हर उठून खिडकीशी गेला, पाठमोरा उभा राहिला. पोरगी त्यांच्याकडे तोंड करून सावकाश बोलली, जणू एकही शब्द सुटू नये म्हणून. "मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही मजेत आहे म्हणालात."

यावर माफी तरी कुठल्या तोंडानं मागणार?

चौकशी बसली, नोकरी गेली. कानाच्या डॉक्टरकडे लेकीनं जवळजवळ ओढतच नेलं. त्यानं चिमट्यासारखा एक काटा गुडघ्यावर आपटून कानाजवळ धरला. काही नाही. मग त्याचा दांडा कानामागच्या हाडाला टेकवला आणि बाई दचकल्या. आवाज होता! स्वच्छ, लांबलेला.

डॉक्टरनं कागदावर चित्र काढलं. "आवाज पडद्यावर आदळतो. पडद्यामागे तीन हाडं, एकमेकांना अडकलेली. शेवटचं तांदळाच्या दाण्याहून लहान. ते आतल्या पाण्याला ढकलतं, पाणी हललं की आतले बारीक केस हलतात आणि नसेला निरोप जातो. तुमचं ते शेवटचं हाड जागच्या जागी चिकटलंय. हाड वाढून घट्ट बसलंय. घराण्यात असतं, आणि काही जणींचं बाळंतपणानंतर वाढतं."

"म्हणजे आतलं शाबूत आहे?"

"बरंचसं. ऑपरेशन करून हाडाच्या जागी बारीक दांडी बसवता येते. चार वर्षांपूर्वीही करता आलं असतं."

चार वर्षं. बाईंनी तो आकडा घरापर्यंत तोंडातल्या तोंडात घोळवला.

शंभरात एखाद्याचा कान ऑपरेशननंतर पार जातो, हेही डॉक्टरनं सांगितलं होतं. त्या शंभरातल्या एक बाईच निघाल्या. उजवा कान कायमचा गेला, वर चक्कर मागे लागली. डाव्याला हात लावायला मग ना डॉक्टर धजला ना बाई. डाव्या कानात यंत्र बसलं. त्यातून समोरच्याचं बोलणं कळतं, दाराची घंटा कळते. पण घरात कुणी ते काढायची आठवण करून दिली नाही, तर बाई ते झोपेतही घालून ठेवतात. त्याशिवाय पडून राहिलं की ती ड्रायव्हरची बायको पुन्हा विचारायला लागते, नीट आहे ना हो, असं त्या लेकीला एकदा म्हणाल्या.

लेक शाळेत शिकवते, नवं लग्न झालेलं. तिचेही कान तपासा, असं डॉक्टरनं बजावलं होतं. ती सहा महिने टाळत होती. बाईंनी एके दिवशी तिच्यासमोर बसून आजीची गोष्ट सांगितली, आपण तिला कशा हसायचो तेही सांगितलं. लेक उठली आणि चपला घालू लागली.

तपासणीच्या काचेच्या खोलीत ती पाठमोरी बसली, कानांवर मोठे हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. बाई काचेबाहेर उभ्या राहून ते बोट बघत होत्या. वर, खाली, वर. मग बोट मांडीवर राहिलं. बाई मनातल्या मनात मोजत राहिल्या. एक, दोन, पाच, आठ. बोट हललं नाही.

बाहेर आल्यावर लेकीनं त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला. "डावा थोडा उतरलाय, आई. उद्याच शाळेत सांगणार आहे, मुख्याध्यापिकांना."

"उद्याच?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"उद्याच."

बाईंनी मान हलवली.  लेक पुढे जिना उतरू लागली, आणि चक्कर येईल म्हणून कठडा घट्ट धरून त्या तिच्या मागोमाग एकेक पायरी उतरल्या.