वसंतरावांचं सक्तीचं मौन

एका आखाती शहरात, अल सद्द भागातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वसंतराव राहतात. त्यांना ब्रह्म कळलेलं आहे. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं, आणि ते ऐकायला दर शुक्रवारी सकाळी सात-आठ माणसं त्यांच्या हॉलमध्ये जमत. पोटापाण्यासाठी ते एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. कोणता नकाशा कोणाच्या टेबलावर अडकलाय, कोणाची सही राहिलीय, हे बघायचं. पण ते सगळं मायेतलं. खरे वसंतराव नित्य, शुद्ध, बुद्ध आणि मुक्त होते. फक्त चहात साखर जरा कमी पडली की ते नित्य शुद्ध तत्त्व तासभर घुम्यासारखं बसे.

"मोक्ष ज्ञानानंच," ते सांगत. "भक्ती म्हणजे खुळखुळा. पोर रडतं तोवर हातात द्यायचा. मोठं झालं की टाकायचा."

माना डोलत. स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी लताताई उपमा परतत असत. येणाऱ्यांपैकी ज्ञानासाठी किती येतात आणि उपम्यासाठी किती, याचा शोध वसंतरावांनी कधी घेतला नाही. जिज्ञासेलाही कुठे थांबावं हे कळायला हवं.

त्यांचा खुळखुळेवाला होता बालाजी. नांदेडकडचा हा माणूस त्याच शहरात अल मुंतझा भागात शिलाईचं दुकान चालवी आणि शुक्रवारी संध्याकाळी घरात दारं-खिडक्या लावून बेताच्या आवाजात भजन करी. त्याचं तत्त्वज्ञान सुटसुटीत होतं. "आपुन काय बी करायचं न्हाई. त्याच्या पायावर पडायचं, बस." गिऱ्हाइकांच्या तारखाही त्यानं देवाच्या पायावर टाकल्या होत्या. युनिफॉर्म कधी मिळेल विचारलं, की बोट वर. देवाला सर्वस्व वाहिलेल्या या माणसानं भजनातली पेटी मात्र कधी दुसऱ्याच्या हाती दिली नव्हती.

ज्ञान आणि भक्ती यांचा एकदाचा निकाल लागावा म्हणून वसंतरावांनी बालाजीला आपल्या वर्गात बोलावलं. विषय ठरला: ज्ञान की शरणागती. दोन-तीन महिने त्यांचा घसा बसलेला होता, पण सत्याला घशाची काय पर्वा! ते उभे राहिले, हात वर केला, म्हणाले, "अज्ञानी जीव..." आणि पुढे नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. गंजलेल्या बिजागरीसारखा एक आवाज निघाला आणि तोही थांबला.

"सर, पानी घ्या," बालाजी म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. पण जिंकल्याचा आनंदही लपत नव्हता.

घशाच्या डॉक्टर फरहा मूळच्या रत्नागिरीच्या. मराठी ऐकून त्या खुलल्या, पण नळी घालून पाहिल्यावर गंभीर झाल्या.

"काका, स्वरतंतूवर गाठ आहे. काढून तपासायला पाठवू. मग दोन आठवडे बोलणं खलास. कुजबुजणंसुद्धा नाही."

"माझा वर्ग असतो," वसंतराव खरखरले.

"कसला?"

"आपण देह नाही, हा."

"वा! मग देहाला दोन आठवडे सुट्टी द्यायला काही हरकत नाही."

गाठ कसली असेल, हे वसंतरावांनी विचारलं नाही. लताताईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "इन्शाल्ला, साधीच असेल." त्या शब्दात ज्ञान किती आणि आशा किती, हे वसंतराव घरी येईपर्यंत तपासत राहिले.

ऑपरेशनच्या टेबलावर भूल चढताना एखादं महावाक्य मनात आणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. चार होती, पैकी एक तरी येणार होतंच. मास्क नाकावर आला, वरचे दिवे पसरट झाले, आणि मनात आलं ते एवढंच: देवा, सांभाळ रे. शुद्धीवर आल्यावर त्यांना आधी ते आठवलं आणि सगळा वर्ग खिडकीतून बघत होता की काय, असं वाटून त्यांनी डोळे पुन्हा मिटले.

मग रिपोर्टची वाट बघणं सुरू झालं. ग्रंथ उशाशी होतेच. देह नाशवंत आहे, हे त्यांत पानोपानी लिहिलं होतं. आजवर हे वाक्य किती गोड वाटायचं! आता ते कोणीतरी त्यांच्याचबद्दल लिहिल्यासारखं वाटू लागलं.

वर्ग बंद ठेवायचा, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. लताताईंना ते हातवारे कळले नाहीत, किंवा कळले तरी रवा भाजून झाला होता. त्यांनी बालाजीला फोन केला. बालाजी आला, वसंतरावांच्या खुर्चीवर बसला आणि अद्वैतावर बोलू लागला. तीन वाक्यांत त्यानं पाच चुका केल्या. कोपऱ्यात बसलेल्या वसंतरावांनी संतापून मांडीवर थाप मारली. बालाजीला वाटलं, सर ठेका धरतायत. त्यानं तिथंच भजन सुरू केलं. लोक टाळ्या वाजवू लागले. पुढच्या शुक्रवारी चपला जिन्यापर्यंत गेल्या.

त्याच संध्याकाळी बालाजीनं त्यांना ओढून आपल्या घरी नेलं आणि हातात टाळ दिले. नको म्हणायला आवाज नव्हता. वसंतराव वाजवत राहिले, सगळ्यांच्या अर्धी मात्रा मागे. टीका करता येत नव्हती, अर्थ सांगता येत नव्हता, कोणाचं व्याकरण सुधारता येत नव्हतं. हळूहळू त्यांचे डोळे भरून आले. ते पुसायचे तर टाळ थांबवावे लागणार होते. त्यांनी थांबवले नाहीत.

"देवानं धरलं सरांना!" बालाजीनं जाहीर केलं, जणू धरून आणणारा तोच.

रिपोर्टचा फोन लताताईंनी घेतला. "साधी गाठ होती," त्या म्हणाल्या, आणि ओटा धरून उभ्या राहिल्या. वसंतरावांनी जवळ येऊन त्यांचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण नवऱ्यानं भाष्य न करता आपला हात धरल्याचं लताताईंना आठवेना.

आवाज परत आला. पहिल्याच वर्गाला वसंतराव हात जोडून म्हणाले, "मित्रहो, माझा अहंकार गळाला. मी शरण गेलो." कोणीतरी नाक ओढलं. "आता, शरणागतीची अंगं सहा. पैकी पहिल्याचे पोटभेद दोन..."

तिसऱ्या अंगापर्यंत लोक स्वयंपाकघराकडे बघू लागले. तेवढ्यात बालाजीनं हात वर केला. खुर्चीवर बसण्याची चटक माणसाला काय काय करायला लावते! त्यानं दुकानात बसून वाचन सुरू केलं होतं. गिऱ्हाइकांचे युनिफॉर्म आता देवाच्या नव्हे, वेदान्ताच्या नावानं रखडत होते.

"सर, शरन जानारा येक, आन ज्याला जायचं तो दुसरा. दोन झाले की! मग अद्वैत कुठं ऱ्हायलं?"

"बालाजी, भक्तीत असले प्रश्न नसतात."

"ज्ञानात असत्यात की, सर!"

वसंतराव शरणागतीच्या बाजूनं गरजू लागले, बालाजी ज्ञानाच्या. दोघांपैकी कोणीच हटेना. लताताईंनी गॅस बंद केला आणि उपम्याचं पातेलं हॉलमध्ये आणून ठेवलं.

"यल्ला, चला, तुम्ही खाऊन घ्या," त्या बाकीच्यांना म्हणाल्या. "यांचा मोक्ष आज लांबलाय."

हल्ली वर्गाला चारच माणसं येतात. वसंतराव मात्र दर शुक्रवारी संध्याकाळी अल मुंतझात बालाजीच्या भजनाला जातात, मागच्या रांगेत बसून अर्धी मात्रा मागे टाळ वाजवतात आणि घरी येईपर्यंत कोणाशी बोलत नाहीत. कोणी विचारलंच, तर घशाला विश्रांती हवी म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय म्हणतात. लताताईंनी एकदा डॉक्टर फरहांना सहज विचारलं. त्यांनी असलं काहीही सांगितलेलं नव्हतं. लताताईंनी ते घरी बोलून दाखवलं नाही.