भित्र्या माशाची जाळी

आमच्या नळदुर्गात उन्हाळ्यात टँकर आला की लोक घागरी घेऊन पळतात, आणि माझ्या बायकोनं पुढच्या खोलीत समुद्र मांडला होता. मी म्हणालो, "प्यायच्या पाण्याची मारामार, आणि तू खाऱ्या पाण्यातले मासे पाळतेस. लोक मला वेड्यात काढतील." ती म्हणाली, "काढू द्या. तुमाला सवय हाय."

हैदराबाद रस्त्यावर माझं टायरचं दुकान आहे. ती घरी ब्लाउज शिवायची. अस्तराचं कापड आणायला सोलापूरला गेली की तिथल्या माशांच्या दुकानात उभी राहायची, आणि एकदा काचेची टाकीच टेम्पोत घालून घेऊन आली. लोक म्हणायचे, मूलबाळ नाही म्हणून मासे. तसलं काही नव्हतं. तिला ते आवडायचे, बस्स. माणसाला एखादी गोष्ट उगीच आवडू शकते हे आमच्याकडं कुणाच्या गळी उतरत नाही.

मोबाइलवर बघून बघून ती सगळं शिकली. टाकीत प्रवाळाचे जिवंत तुकडे होते, काही मऊ झुपक्यांसारखे, काही दगडासारखे कडक. गळ्यातलं पोवळं दाखवून ती म्हणायची, "हे मेलेलं, आन् ते जित्तं." प्रवाळ दिसायला गरीब, पण त्यातली काही शेजाऱ्याला डसतात, म्हणून दोघांत वीतभर जागा सोडायची. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधायचा, नाहीतर बारका मासा ओढला जातो. टाकीतलं पाणी आमच्या उन्हात भराभर उडतं, पण मीठ मागंच राहतं, म्हणून वरून भर घालायची ती फिल्टरच्या गोड्या पाण्याची. पाणी बदलायचं असेल तेव्हा मात्र मीठ कालवलेलं हवं. ते ती निळ्या पिंपात आधीच तयार ठेवायची. मीठ कमी-जास्त झालं की माझ्यावर डाफरायची, जसं काही मीच जाऊन ढवळून आलोय.

मासे तीनच. दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे, घरचे असल्यागत फिरणारे. तिसरा बोटाएवढा, पुढून पांढरा, मागं लाल होत गेलेला, पाठीवर उभा तुरा. हा लई भित्रा. खोलीत कुणी जोरात बोललं की दगडाच्या फटीत. आणि फारच दचकला तर फटीत जायचं सोडून वर उडी मारतो, पाण्याबाहेर. म्हणून तिनं लाकडी चौकटीला पांढरी जाळी मशीनवर शिवून झाकण केलं होतं. अन्न घालताना ती एक कोपरा उचलायची आणि लगेच दाबून बसवायची. तिचा सगळा जीव त्या भित्र्यात. बाकीचे दोघे आपलं बघून घेतील, म्हणायची.

ती तापाचं निमित्त होऊन गेली. सोलापूरला दवाखान्यात नेली ती चालत गेली होती, स्वतःच्या पायानं. त्याच्यापुढचं मला लिहिता येत नाही.

तिला घेऊन आम्ही स्मशानात गेलो आणि मागं बायकांनी घर धुतलं. आमच्याकडं मयत झालं की घरात भरून ठेवलेलं पाणी ओतून देतात. हंडा, रांजण, माठ सगळं ओतलं, आणि ते निळं पिंपही. मी परत आलो, पिंप उपडं दिसलं, आणि माझं डोकंच फिरलं. माझी थोरली बहीण, आक्का, लोहाऱ्याहून आली होती. ओतणारी तीच. मी चार माणसांत तिला वाटेल ते बोललो. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "मला काय ठावं रं, मला ते पाणीच वाटलं." ते पाणीच होतं. मी कुणावर तरी ओरडायला टेकलो होतो, ती पुढं सापडली. नंतर मिठाचा पुडा फोडून मी नवीन पाणी कालवलं आणि मासे तगले. आक्का मात्र त्यानंतर टाकीजवळून जाताना चपला काढायची.

दहाव्याला आम्ही पुरुष बोरी नदीच्या काठी गेलो. पिंड मांडून सगळे लांब सरकलो. बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. भटजी म्हणाले, काही राहिलं असेल तर बोला. तिचा भाऊ म्हणाला, "आईला मी बघतो, तू काळजी करू नको." कावळा हलला नाही. चुलत्यांनी माझ्या जेवणाखाण्याचा शब्द दिला. तरी नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. कावळ्याबिवळ्याचं मला कधीच पटलेलं नाही. पण ऊन चढत होतं, आणि ती काय ऐकायला थांबली असेल हे मला पक्कं माहीत होतं. एवढ्या माणसांत माशांचं नाव काढायची लाज वाटत होती. शेवटी हात जोडून मोठ्यानं म्हणालो, "तुझ्या माशांकडं मी बघीन. त्या भित्र्याला काही होऊ देणार नाही."

कावळा उतरला. भुकेला असेल. पण मी तिथं वाळूत बसून जो रडलो, तसा स्मशानातही रडलो नव्हतो.

घरी आलो तर अंगणात दोरीवर चादरी, सतरंज्या, तिची लुगडी वाळत होती, आणि टोकाला ती जाळी, चौकटीसकट. मी तिथंच थबकलो. आक्का दारात आली. हात ओले होते, आणि तोंडावर कितीतरी दिवसांनी जरा बरं वाटल्यासारखं होतं. म्हणाली, "सुतकातलं काय बी न धुता ठिवायचं न्हाय म्हणून जाळी तेवढी धुतली बघ. पाण्याला हात लावला न्हाय. आन् साबण बी न्हाय लावला, माशाला बाधंल म्हणून."

आत फरशी अजून ओली होती. बादल्या, खराटे, बायकांचा गलका, सगळं त्या खोलीत होऊन गेलं होतं. टाकीच्या मागं भिंतीकडेला मी वाकून हात घातला. तो तिथं होता. हलका, कडक झालेला, शेपटीचा लाल रंग तेवढा तसाच. मी त्याला मुठीत घेतलं आणि मेहुण्यानं आणलेल्या नव्या सदऱ्याच्या खिशात मूठ घातली.

आक्का मागून आली. "शिवला का रं?"

"शिवला."

"काय कबूल केलास?"

मी सांगितलं. ती डोळे पुसत टाकीसमोर खाली बसली, म्हणाली, "त्यातच जीव अडकला हुता तिचा." मग काचेला तोंड लावून बघत राहिली. "दोनच दिसत्यात. तो बारका कुठं हाय?"

मी म्हणालो, "दगडामागं असंल. माणसं लई झाली की लपतो."

"व्हय, लपंल की," ती म्हणाली. आत पानं मांडली, बायका तिला दोनदा बोलवून गेल्या, पण ती उठली नाही. "तुमी बसा जेवायला," म्हणाली. "तो भाईर आला की येते मी."