मेमसाहेबांना दिलेला माझा नंबर

नवऱ्याने माझ्या मुठीतलं टोकन काढून घेतलं. एकेक बोट उघडून. भरल्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर.

अकरा नंबर होता माझा. दहा नंबरची बाई नुकतीच बाहेर आली होती. आम्ही पहाटे पाचच्या एसटीने माणदेशातून निघालो होतो, तीन तासांचा प्रवास. माजी सैनिकांच्या त्या दवाखान्यात बायकांची डॉक्टरीण फक्त मंगळवारी येते आणि साडेबाराला उठते. घड्याळात बारा वाजून गेले होते. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. कुणी रिटायर कर्नलसाहेब आणि त्यांच्या मेमसाहेब उतरल्या. काउंटरवरचा माणूस स्वतः फौजेतून नाईक म्हणून रिटायर झालेला. तो खुर्चीवरून उठला. आणि माझे मालक, हवालदार म्हणून घरी येऊन वीस वर्षं झालेले, गुडघे धरले म्हणून मला तेल चोळायला लावणारे, टाचेला टाच लावून ताठ उभे राहिले.

"जय हिंद साब!"

साहेबांनी मान हलवली. मेमसाहेब म्हणाल्या, "सिर्फ रिपोर्ट दिखाना है. बहुत भीड है क्या?"

"नहीं मेमसाब, आप जाइए." असं म्हणत यांनी माझा हात धरला.

"आवं, माजा नंबर हाय त्यो."

"गप बस. साहेबांची फॅमिली हाय."

मेमसाहेबांनी टोकन घेतलं. "थँक यू, जवान." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साठी उलटलेला तो जवान मात्र खुलला होता. किती तरी वर्षांनी मी त्यांचा चेहरा असा खुललेला पाहिला. त्याचा मला जास्त राग आला.

माझ्या डाव्या छातीत गाठ होती. मी धनगराची लेक. बापाबरोबर मेंढरांमागे कोकणापर्यंत चाललेली. मेंढीच्या कासेवर हात फिरवून गाठ कशी ओळखायची हे मला आठव्या वर्षी ठाऊक होतं. कासेत गाठ लागली की बाप त्याच दिवशी मेंढी कळपातून बाजूला काढायचा. चालढकल नाही, वाट बघणं नाही. न्हाताना माझ्या हाताला गाठ लागली तेव्हा मी त्याच दिवशी यांना सांगितलं. शिरवळला कंपनीत नोकरीला असलेली लेक फोनवर म्हणाली, "आई, बाहेरच्या डॉक्टरला दाव." पण हे म्हणाले, "कार्ड असताना बाहेर कशाला? फौजेनं दिलंय ते. आयुष्य घातलंय त्यात." कार्डावर मोठ्या दवाखान्यात तपासणी करायची तर आधी इथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. त्या एका चिठ्ठीसाठी मी बाकावर बसले होते.

दार नीट लागत नव्हतं. आतलं ऐकू येत होतं. रिपोर्ट दोन मिनिटांत झाला. मग मेमसाहेबांच्या बागेतल्या शेवंतीचं बोलणं निघालं. डॉक्टरीणबाईंच्या मुलीच्या कॉलेजचं निघालं. हसणं. साडेबाराला दोघी बरोबरच बाहेर आल्या. डॉक्टरीणबाईंच्या खांद्याला पर्स होती.

काउंटरवरचा नाईक म्हणाला, "ताई, म्होरल्या मंगळवारी या. तुमी काय आपलीच मानसं."

आपली माणसं. म्हणजे ज्यांना कितीही वेळ बसवलं तरी चालतं ती.

पुढच्या मंगळवारी सुट्टी होती. त्याच्या पुढच्या मंगळवारी डॉक्टरीणबाई रजेवर. घरी मी रोज न्हाताना गाठ चाचपायची. सुपारीएवढी होती, तशीच आहे, नाही, वाढली, नाही, तशीच आहे. यांच्याशी मी बोलणं टाकलं. ते म्हणायचे, "अगं, एका मेमसायबाला म्होरं जाऊ दिलं तर काय आभाळ कोसळलं?"

खरं सांगायचं तर उठून उभं राहायचं मलाही शिकवलेलं होतं. लग्नानंतर तीन वर्षं मी यांच्याबरोबर फॅमिली क्वार्टरमध्ये राहिले. महिन्यातून एकदा बायकांची मीटिंग असायची. अधिकाऱ्यांच्या बायका सोफ्यावर, सुभेदारांच्या बायका खुर्च्यांवर, आमच्यासारख्या सतरंजीवर. नवऱ्याच्या खांद्यावर जेवढ्या फिती तेवढी बायकोची उंची. मोठ्या मेमसाहेब आल्या की सतरंजी उठायची, सोफा बसून राहायचा. एकदा त्यांच्या बंगल्यावर पार्टी होती. मला कांदे चिरायला बोलावलं. दिवसभर चिरले. परत येऊन शेजारणीला सांगितलं, "मला बंगल्यावर बोलावलं हुतं." मान वाटला होता मला त्याचा. आज हे लिहिताना लाज वाटते.

हे रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या जेवणाला साहेबांनी भाषण केलं होतं. "आपका परिवार हमारा परिवार है." हे ते वाक्य गावात पारावर बसून कितीदा सांगायचे. मीही मान डोलवायची. परिवार होता खरा. फक्त त्यात आम्ही सतरंजीवर होतो, आणि ते यांना आजवर दिसलेलं नाही.

चौथ्या मंगळवारी माझा नंबर सात. सहावी बाई आत. आणि पुन्हा गाडी. मेमसाहेब दुसऱ्या, सोबत ड्रायव्हर. नाईक काउंटरवरून म्हणाला, "ताई, जरा मेमसाहेबांना म्होरं जाऊ द्या."

हे उठले. टाचा जुळल्या. हात माझ्या मुठीकडे आला.

मी हात मागे घेतला. "फौजेत तुमी व्हता. मी न्हवते. मला तुमच्या सायबाचा हुकूम लागू न्हाई."

मग मेमसाहेबांकडे वळले. माझं हिंदी क्वार्टरमधलं, तोडकंमोडकं. "मेमसाब, मेरा नंबर सात है. आपका कितना?"

त्यांनी मला उत्तर दिलं नाही. यांना म्हणाल्या, "अपनी बीवी को समझाओ."

हे फरशीकडे बघत राहिले. मागच्या बाकावरची एक बाई, आमच्यासारखीच कुणा शिपायाची बायको, पुटपुटली, "लय शानी झाली." पण सहावी बाई बाहेर आली आणि मी आत गेले.

डॉक्टरीणबाईंनी गाठ तपासली. बोट तिथेच थांबलं. म्हणाल्या, "कधीपासून आहे ही? इतके दिवस कुठे होता तुम्ही?"

"हितंच. तुमच्या दाराभाईर."

चिठ्ठी मिळाली. सांगलीला विश्रामबागेजवळच्या दवाखान्यात सुई घालून तपासलं. कॅन्सर. छाती काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. तिथेही कार्डावरचा हुद्दा बघून वॉर्ड दिला, हवालदाराच्या बायकोला जनरल. तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं, तीन आठवडे आधी आले असते तर? ते म्हणाले, तेवढ्याने फार फरक पडत नाही. खरंही असेल. पण ते तीन आठवडे माझे होते, आणि माझ्या नवऱ्याने ते दुसऱ्या कुणाच्या शेवंतीला दिले.

हे वाईट नाहीत. कधी हात उगारला नाही, दवाखान्यात माझं सगळं केलं, मला भरवलं. एकदा कॉटजवळ बसून म्हणाले, "माज्या ध्यानातच आलं न्हाई गं. साहेब दिसलं आन् पाय आपसूक उटलं." मी त्यांना माफ केलेलं नाही. ज्या माणसाने मला वाचवायचं, त्याचे पाय आधी दुसऱ्यासाठी उठले. एवढं मला कळलं, आणि आता ते कुणी कितीही समजावलं तरी जायचं नाही.

मी लेखी अर्ज दिला. आजारी माणूस नंबराप्रमाणेच आत जावा, हुद्दा बघून नव्हे. खाली 'हवालदार अमक्याची पत्नी' असं लिहिलं नाही, माझं नाव घातलं. हे घाबरले. "साहेबांच्या इरुद्ध अर्ज? आपल्यात असं चालत न्हाई." मी म्हणाले, "तुमच्यात." अर्जाला उत्तर नाही.

म्हणून मी मंगळवारी जाते. माझी तपासणी असो नसो, पाचच्या एसटीने. एकटी. डॉक्टरीणबाईंच्या दाराला लागून खुर्ची ओढते आणि बसते. जिचा नंबर तीच आत. नाईक चिडतो, मेमसाहेब तक्रार करतात, बाकावरच्या बायका अजूनही मलाच नावं ठेवतात. ठेवू देत. ऑपरेशनपासून डावा हात सुजलेला आहे, खांद्याच्या वर जात नाही. दारात आडवा धरायला तेवढा पुरतो.