बिनभोंग्याची मोटर

"ती मुकी आहे, साहेब. तिला विचारून काही उपयोग नाही."

मॅनेजर माझ्याकडे हात करून म्हणाले. मी समोरच उभी होते. कापसाच्या जिनिंगच्या पायऱ्यांखाली, उन्हात. वर सावलीत फॅक्टरी इन्स्पेक्टर खुर्चीवर बसले होते. माझ्या लुगड्यावरचा गिरजाच्या रक्ताचा डाग धुऊनही गेला नव्हता. गिरजा माझी थोरली जाऊ. आदल्या दिवशी मशीनच्या पट्ट्याने तिचा उजवा हात नेला होता. तेव्हा तिच्याजवळ मी एकटी होते.

इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता विचारतील. त्यांनी मॅनेजरलाच विचारलं, "जन्मापासून?" मॅनेजर हो म्हणाले. मुकादम तोंड फिरवून हसला.

मी मुकी नाही. लाजरी आहे. चौथीपर्यंत शिकले. पण परक्या गड्यांसमोर माझं तोंड उघडत नाही, म्हणून मुकादमाने मला मुकी नाव पाडलं होतं. सगळे तसंच हाक मारत. मीही ओ देत असे. त्या दिवशी चेष्टेतलं ते नाव माझ्या साक्षीच्या जागी पुढे केलं गेलं.

मग मॅनेजर म्हणाले, "यांनी दसऱ्याला देव सोडले. आता पदरही सांभाळता येत नाही. गेला पट्ट्यात."

दसऱ्याला आम्ही पांढरी लुगडी नेसून दीक्षा घ्यायला नागपूरला गेलो होतो. परत आल्यावर घरातले देव मी माझ्या हाताने धाम नदीत सोडले. आता कुणापुढे मान वाकवायची नाही, असं नागपुरात ठरवून आलो होतो. आणि इथे माझी मान खाली. तोंडातून शब्द नाही. चौकशी संपली. पदर सैल होता, असं ठरलं.

खरं काय झालं ते लिहिते.

आमच्या जिनिंगात कापसातून सरकी काढायच्या मशिनी वर, आणि त्यांना फिरवणारे पट्टे खालच्या अंधाऱ्या गल्लीत. दुपारी काम थांबलं की आम्ही बाया गल्लीत उतरून, वाकून, पडलेला कापूस आणि सरकी झाडत असू. तेव्हा वाफेचं एंजिन होतं. चालू करायच्या आधी बॉयलरवरचा फायरमन भोंगा वाजवायचा. मग एंजिन धापा टाकत हळूहळू फिरायला लागायचं. तोवर आम्ही सगळ्या वर. भोंगा वाजला नाही म्हणजे भीती नाही, हे अंगातच बसलं होतं.

यंदा करंट आला. शेठनी एंजिन विकलं, मोटर बसवली. मोठं कौतुक झालं, नारळ फुटले. वाफ गेली तसा भोंगाही गेला. ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आमच्याही नाही. कान भोंग्याकडे लावून आम्ही खाली वाकत राहिलो. वर मुकादमाने खटका दाबला. मोटर आवाज न करता एकदम फिरते. गिरजाचा हात पट्ट्याखालच्या कापसात होता.

तिचा पदर कमरेला घट्ट खोचलेला होता. मी पाहिला होता.

गिरजा दवाखान्यातून घरी आली. डाव्या हाताने लुगड्याची गाठ बसत नाही. रोज सकाळी मी बांधून देत होते. एकदा गाठ बांधताना तिने विचारलं, "माहा पदर खोचला होता. तुले मालूम होतं. मंग काऊन नाई सांगितलं? खरंच मुकी हायेस काय वं?"

मी गाठ बांधली आणि कामावर गेले. दिवसभर कानात तेच.

इन्स्पेक्टर पुन्हा आले. त्यांनी पट्ट्यांना जाळी लावायला सांगितली होती. ती नवीकोरी लावलेली होती. छडीने ठोकून पाहत ते म्हणाले, "ठीक. आता सगळं कायद्याप्रमाणे झालं."

मी पुढे झाले. म्हटलं, "साहेब, कापूस झाडाले आमाले जाळीच्या आतच जावं लागते. मोटर चालू होते हे आमाले कोण सांगंल?"

त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. "ही मुकी होती ना?"

मी सगळं सांगितलं. भोंग्याचं, खटक्याचं, पदराचं. त्यांनी ऐकून घेतलं, खोटं कशाला लिहू. मग म्हणाले, "कायद्यात जाळी आहे, बाई. भोंगा नाही. एंजिनबरोबर तो असायचाच. कुणाला लिहायची गरज वाटली नाही."

"मंग आता लिवा."

"ते माझ्या हातात नाही. वर कळवावं लागतं. वेळ लागतो."

"मोटर तं एका दिवसात बसली, साहेब."

ते छडी काखेत घेऊन जीपकडे गेले. मॅनेजर दात ओठ खात म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

पण तो दिवस अजून उरला होता. दुपारी मोटर थांबली. बाया खाली उतरल्या. मी उतरले नाही. खटक्याला पाठ लावून उभी राहिले.

"सरक," मुकादम म्हणाला.

"सगळ्या वर आल्याबिगर हात लावू देत नाई."

त्याने दंड धरून ओढलं. मी खटक्याची चौकट सोडली नाही. तिथूनच एकेकीचं नाव घेऊन खाली ओरडले. एवढ्या मोठ्याने मी जन्मात बोलले नव्हते. आवाज फाटला, पण खाली पोचला. शेवटची बाई वर आली तेव्हाच बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी मला फाटकातून आत घेतलं नाही. गिरजाच्या एका बोटाचीही भरपाई कुणी दिली नाही, हाताची तर दूरच. इन्स्पेक्टरांनी वर कळवलं की नाही, माहीत नाही. वर्ध्याच्या दुसऱ्या जिनिंगांतही मोटरी बसत आहेत. कायदा करणाऱ्यांनी आधी त्या गल्लीत वाकून झाडून पाहावं, मग लिहावं. तोवर मी थांबणार नाही. रोज दुपारी एकेका जिनिंगच्या फाटकाशी उभी राहून आतल्या बायांना ओरडून सांगते, खटक्याजवळ आपली एक बाई उभी असल्याशिवाय खाली उतरू नका.

ज्याला मला मुकी म्हणायचं असेल त्याने तिथे यावं.