पहिलं घर कुठून मोजायचं?

काय सांगू तुम्हाला, माणसानं एक वेळ चालत्या एसटीतून उतरावं, पण मोबाइलवर बघून ज्योतिष शिकू नये! मी शिकलो. नांदेडला शाळेत गणित शिकवतो, त्यामुळं पत्रिकेतली बारा घरं मोजणं म्हणजे आपल्याला पोरखेळ, अशी माझी घमेंड होती. ती कशी उतरली, ते ऐका.

शिकल्यावर पहिला बळी कोण? बायको! तिची माहेरहून आलेली पत्रिका काढली, तर पहिल्याच घरात रवी-बुध युती. पहिलं घर म्हणजे जिची पत्रिका ती स्वतः. रवी म्हणजे तोरा, बुध म्हणजे बुद्धी, आणि तो रवीच्या फार जवळ गेला की त्याचा अस्त होतो.

"सुमन," मी म्हटलं, "तुझ्यात तोरा हाय, पण बुद्धीचा अस्त हाय. मी न्हाई, ग्रह सांगून राहिले."

झालं! तेव्हापासून वरण खारट झालं तरी मी बुधाला मध्ये आणायचो. ती नुसती बघायची. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

मग लातूरहून आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या सचिननं पोरगी पसंत केली होती. देगलूरची, बँकेत नोकरीला, नाव स्वप्ना. सचिन खूश, आक्का खूश. फक्त मामानं पत्रिका बघायची राहिली होती. आलाच की फोटो!

आता आपल्याकडची पत्रिका शंकरपाळ्यांच्या आकाराची. ही होती चौकोनी डब्यांची. म्हटलं, आपल्याला काय त्याचं? डबे बारा, घरं बारा! वरच्या डब्यापासून, नेहमीच्या रिवाजानं डावीकडं मोजत गेलो आणि सातव्या डब्यात पाय भाजला. मंगळ आणि राहू एकत्र! अंगारक योग! आणि सातवं घर कुणाचं? जोडीदाराचं!

"आक्का, निखारे हायत त्या घरात, निखारे! सचिन भाजून निघंल!"

"अरे देवा! मग रे आता?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण चार बुकं शिकलेला माणूस कधी गप्प बसलाय?

"कुंभविवाह," मी म्हणालो. "पोरीचं लग्न आधी मातीच्या घागरीशी लावायचं. दोष घागरीवर जातो. मग सचिनशी लावा."

आक्कानं हे देगलूरला जसंच्या तसं कळवलं. तिकडं भडका! पोरीच्या वडलांनी निरोप धाडला की घागरीला पोरगी देणार न्हाई, अन् घागरीच्या मागं नंबर लावणाऱ्या पाहुण्यालाबी देणार न्हाई.

त्यावर सचिनचा मला फोन. आवाज रडवेला. "मामा, नीट बघितलंत ना? मला ती सोडून दुसरी कुणी नको."

मला खरंच लई वाईट वाटलं. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेलं पोरगं ते. पण ग्रहांपुढं मामाचं काय चालणार?

शेवटी समोरासमोर बसून काय ते मिटवायचं ठरलं. अर्धापूरची केळी पिशवीत घेऊन मी आणि सुमन लातूरच्या बसमध्ये बसलो. वाटेत तिनं मोबाइलमधला फोटो बघितला.

"अहो, ही तर माझ्या पत्रिकेसारखीच दिसून राहिली. आमच्या देगलूरकडं अशीच मांडतात."

"मग? तुझी वाचतोच की मी!"

 ती खिडकीबाहेर बघत बसली.

लातूरला आक्कानं मुरमुऱ्याचा सुशीला केला होता, पण कुणी बशीला हात लावेना. पोरीचे वडील हाताची घडी घालून बसलेले. स्वप्नाही आली होती. मी घसा साफ करून अंगारक योगावर प्रवचन सुरू केलं. ते रंगात आलं, एवढ्यात ती म्हणाली,

"मामा, एक विचारू? घरं कुठून मोजून राहिलात?"

"वरून! अजून कुठून मोजतात?"

"ही तेलंगणाकडच्या पद्धतीची पत्रिका हाय. हिच्यात ज्या डब्यात तिरपी रेघ, ते पहिलं घर. अन् मोजायचं उजवीकडं, घड्याळाच्या काट्यासारखं."

मी चष्मा पुसून बघितलं. रेघ होती की हो! मला वाटलेलं, फोटोत केस आलाय.

पुन्हा मोजलं. मंगळ-राहू निघाले तिसऱ्या घरात. तिसरं घर पराक्रमाचं, तिथं हे दोघं म्हणजे सोनं! पोरगी धीट, कुणाला न भिणारी. आता ह्याला वेगळा दाखला कशाला हवा होता?

"सर, तुम्ही गणित शिकवता म्हणं?" पोरीच्या वडलांनी विचारलं.

"हाव," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? "चुकलो, पाहुणं. माफी करा."

"माफ हाय. घागर संगं आणली असंल, तर पाणी भरून ठिवा."

सगळं घर हसलं. सचिननं इतक्या दिवसांत पहिल्यांदा बशी ओढली आणि सगळा सुशीला फस्त केला. सोयरीक जमली! मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात सुमन पुढं सरकली.

"स्वप्ना, माझीबी पत्रिका हाय ह्यांच्या मोबाइलमधी. तेवढी रेघ कुठाय बघ बरं, बाई."

रेघ खाली होती. अगदी समोरासमोर. मी इतकी वर्षं पहिल्या घरात धरलेला तो रवी आणि तो मावळलेला बुध थेट सातव्या घरात जाऊन बसले. जोडीदाराच्या घरात!

"काय अर्थ होतो हो त्याचा?" सुमननं अगदी भोळेपणानं विचारलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अर्थ मला पाठ होता. रोज तर सांगत होतो.

"नवरा तोऱ्याचा," मी खाली बघून म्हणालो, "अन् त्याच्या बुद्धीचा अस्त."

सुमननं पिशवीतलं एक केळं काढून माझ्या हातात ठेवलं. "खावा. मी न्हाई, ग्रह सांगून राहिले."

खरं सांगतो, मी आजवर वर्तवलेल्यातलं तेवढं एकच भविष्य अजून चुकलेलं नाही.